पानांच्या पिशवीला अस्तर

९ फेब्रुवारी

दुकान कायमचं बंद केलं. मापांची वही निम्मी कोरी राहिली. चांगला कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून आजपासून तिच्यात काहीबाही लिहायचं ठरवलं आहे. पानावर छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेले आहेत. त्यांच्यावरूनच लिहितोय. वाचणारं कोणी नाही, तेव्हा चालेल.

मशीन घरी आणलं. हमालांनी विचारलं, कुठे ठेवायचं? शेवटी खिडकीपाशी, हिच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं. पलंगाच्या चार दांड्यांवर हिची मच्छरदाणी अजून तशीच आहे, वर गुंडाळून बांधलेली. ही गेल्याला दीड वर्ष होत आलं. चिंगी दोनदा म्हणाली, "बाबा, काढून धुऊन ठेवू का?" दोन्ही वेळा मी तिच्या अंगावर ओरडलो. आता ती विचारत नाही.

दुकानाशेजारचा घड्याळवाला मदतीला आला होता. म्हणाला, "आता दिवसभर करणार काय? माशा मारणार?" मी म्हटलं, तू मारतोस त्याच. तो हसला. मला मात्र नंतर हसू आलं नाही. खरंच, करणार काय?

१५ फेब्रुवारी

चिंगी म्हणजे माझी एकुलती एक लेक. तिशीला आली तरी घरात चिंगीच. जंगलात खाली पडलेल्या पानांचं पुढे काय होतं, यावर ती प्रबंध लिहिते. लोकांनी विचारलं की मी "झाडांचं शिकते" म्हणून वेळ मारून नेतो. पानांचं काय व्हायचंय? कुजणार. त्याला इतकी वर्षं कशाला लागतात, असं आतून वाटतं. बोलत नाही.

आज तिने दोन प्रकारच्या जाळ्या आणून माझ्यापुढे टाकल्या. दोन्ही नायलॉनच्या. एक बारीक छिद्रांची, दुसरीतून करंगळीचं टोक जाईल इतक्या मोठ्या छिद्रांची. म्हणाली, "बाबा, मला पिशव्या शिवून द्याल? वीतभर बाय वीतभर. आत सुकी पानं घालायची, तोंड शिवायचं आणि जंगलात जमिनीवर पसरायच्या. काही महिन्यांनी काढून वजन करायचं."

"सुती दोरा चालेल?"

"छे. तोही कुजेल पानांबरोबर."

हे मला सुचलं नसतं. दोराही कुजतो म्हणे. मग माझे सगळे शर्ट आतापर्यंत कुठे कुठे मातीत गेले असतील!

हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? तिचं एक अख्खं वर्ष हिच्या आजारपणात गेलं. चिंगी दवाखान्यात बसून राहिली आणि जंगल तिकडेच राहिलं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी आता निक्षून सांगितलं आहे: या वर्षअखेरपर्यंत निकाल दाखव, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला. यंदा पावसाळ्यात हे काम झालं तर झालं.

४ मार्च

पिशव्यांच्या आधी झोळ्या शिवल्या. झाडाखाली चौकटीला टांगायच्या, म्हणजे गळणारी पानं त्यांच्यात पडतात. ती मोजली की झाडाने वर्षभरात उन्हापाण्यातून किती बनवलं याचा अंदाज येतो, असं चिंगीने जेवताना समजावलं. मी विचारलं, "मग खालच्या पिशव्या कशाला?" म्हणाली, "झाडाने बनवलेलं जमीन किती लवकर परत घेते ते बघायला. जमिनीने परत घेतलं नाही, तर पुढच्या वर्षी झाडाला बनवायला काही उरणार नाही."

हे मला पटलं. कापड आलंच नाही तर शिंपी काय शिवणार!

झोळ्यांच्या काठाला मी शोभेचं पाईपिंग लावलं होतं. चिंगी पोट धरून हसली. "बाबा, झाडं लग्नाला नाही निघालीत." हसली, हे बरं झालं. ही गेल्यापासून घरात असं मोकळं हसू ऐकलं नव्हतं.

२२ एप्रिल

पिशव्या शिवून तयार आहेत. बारीक छिद्रांच्या निम्म्या, मोठ्या छिद्रांच्या निम्म्या. आता चिंगीने पानांची पाकिटं आणून दिली. सगळी एकाच जातीच्या झाडाची, वाळवलेली, तोललेली. प्रत्येक पाकिटात नंबर कोरलेली पत्र्याची चकती. तिला विद्यापीठात परीक्षांचं काम लागलं आहे, म्हणून भरून तोंडं शिवायची ती मीच.

तिने बजावून सांगितलं, "बाबा, एक कणही सांडता कामा नये. सगळा हिशोब त्या वजनावर आहे. माझी सगळी मदार आता तुमच्यावर."

एवढी मोठी जबाबदारी दुकानात कोणी दिली नव्हती. तिथे फार तर लग्नाचा कोट.

२४ एप्रिल

पंचाईत झाली. बारीक जाळीच्या पिशव्या छान भरल्या. पण मोठ्या छिद्रांच्या पिशव्या मशीनखाली सरकवल्या की पानांचा चुरा खाली. टेबलावर कागद अंथरला, कागदावर चुरा. बोटाने उचलून परत आत घातला, दुसऱ्या छिद्रातून बाहेर. एक कणही सांडता कामा नये म्हणते, आणि इथे चिमटीभर सांडतोय. जंगलात नेईपर्यंत तर काय होईल!

चिंगीला विचारावं म्हटलं, तर ती येऊन उत्तरपत्रिकांवरच मान टाकून झोपली होती. नाही उठवलं.

२५ एप्रिल

सकाळी जाग आली तेव्हाच सुचलं. झिरझिरीत कापडाला आपण काय करतो? अस्तर लावतो. आतून बारीक जाळीचं अस्तर लावलं की बाहेरची मोठी छिद्रं तशीच राहतात आणि चुराही सांडत नाही. इतकी साधी गोष्ट.

पण बारीक जाळी संपली होती. बाजारात मिळाली ती पांढरीशुभ्र आणि कडक. हात लावताच कळलं, तिला शिवण धरणार नाही. घरी आलो आणि पलंगाकडे नजर गेली.

हिची मच्छरदाणीही नायलॉनची. एके काळी हिरवी होती, धुऊन धुऊन चहाच्या रंगाची झाली आहे. वाळक्या पानांवर टाकली तर डोळ्याला दिसणारही नाही. मऊ इतकी की सुई आपोआप उतरते.

मग दांड्यांवरून काढली आणि कात्री घेतली. रडू आलं, खोटं कशाला लिहू? हिच्या उशाकडच्या बाजूला एक ठिगळ आहे. लाल दोऱ्याने घातलेलं, टाके एकमेकांची तोंडं न बघणारे. शिंप्याची बायको, पण हातात सुई धरता यायची नाही. मी म्हणायचो, "अगं, मला सांगायचंस." म्हणायची, "तुमच्याकडे टाकलं की गिऱ्हाइकाने न नेलेल्या कोटासारखं लटकत राहतं. माझं मी केलं." ठिगळाचा तुकडाही एका पिशवीच्या आतल्या अंगाला लागला. चिंगीच्या कामाला आईचाही हात लागला, असं मनात म्हटलं. मोकळं वाटलं.

१९ मे

सगळ्या पिशव्या झाल्या. झटकून पाहिल्या, कण सांडत नाही. अस्तर बाहेरून कळत नाही. ते कळू नये, हीच तर हातोटी.

चिंगीला अस्तराचं सांगितलं नाही. काम बघूनच खूश होऊ दे. तिने पलंगाच्या रिकाम्या दांड्या पाहिल्या. माझ्याकडे पाहिलं. जाताना खांद्यावर हात ठेवून गेली. मी मच्छरदाणी टाकून दिली असं तिला वाटलं असणार. वाटू दे.

२ जून

पिशव्या गेल्या जंगलात. मॅडमची गाडी एकच दिवस मिळणार होती आणि आभाळ भरून आलं होतं. चिंगीने पोती न उघडता तशीच गाडीत टाकली. अंधार पडायच्या आत वनखात्याच्या दोन माणसांना घेऊन सगळ्या झाडांखाली पसरल्या म्हणे. चिखलाने भरून आली आणि न जेवता झोपली.

१४ जून

आज पाऊस, चिंगी घरी. भजी तळून होईपर्यंत तिला म्हटलं, आता नीट सांग, दोन प्रकारच्या जाळ्या कशासाठी? पानं तर तीच.

तिने पोळपाटावर पिठाने जंगल काढून दाखवलं. पानाला दोन तऱ्हेचे खाणारे असतात. एक डोळ्याला न दिसणारे, बुरशी आणि जंतू. ते कसल्याही जाळीतून शिरतात. दुसरे दिसणारे, म्हणजे गांडुळं, पैसाकिडे, गोगलगाई. ते पान कुरतडून बारीक करतात. बारीक जाळीत त्यांना शिरता येत नाही, मोठ्या छिद्रांतून येतं. दोन पिशव्यांच्या वजनातला फरक म्हणजे गांडुळांचं काम. "तो फरक म्हणजेच माझा प्रबंध, बाबा."

"म्हणजे ती छिद्रं गांडुळांची दारं?"

"बरोब्बर!"

नंतर एकटा असताना जरा चुटपुट लागली. दाराला मी आतून पडदा लावला नाही ना? मग म्हटलं, छे. गांडूळ कातळासारखी जमीन पोखरतं, त्याला एक जुनी मच्छरदाणी काय अडवणार? चिंगीला विचारणार होतो. पण ती आज किती दिवसांनी पोटभर जेवली. राहू दे.

१७ जुलै

पहिल्या खेपेच्या पिशव्या आज काढल्या. चिंगी उशिरा आली. डोळे सुजलेले, नाक लाल. सर्दी म्हणाली. काढा करून दिला तर घेतला, पण कप हातात धरून हिच्या पलंगावर बसून राहिली. वरच्या दांड्यांकडे बघत होती.

"काय निघालं गं?" मी विचारलं.

"निघालं की. बघतेय अजून."

"शिवण टिकली का?"

माझ्याकडे बघून म्हणाली, "टिकली, बाबा. एकही टाका उसवला नाही." आणि एकदम माझ्या कुशीत शिरली, लहानपणी ताप आला की शिरायची तशी. अंग मात्र गरम नव्हतं.

शिवणीचं ऐकून मला फार बरं वाटलं.

१९ जुलै

आतल्या खोलीत ती मॅडमशी फोनवर बोलत होती. दार लोटलेलं, पण आवाज आला. "नाही मॅडम, दुसऱ्या कोणाचा काही संबंध नाही. माझीच चूक. मी तपासायला हवं होतं." मग, "हो, शेवटची संधी. समजलं."

जेवताना विचारलं, कसली चूक? म्हणाली, आकडे मांडताना घोळ झाला. ही मॅडम फारच कडक दिसते. आकडे काय, कोणाचेही चुकतात. मी नाही का एकदा जावयाच्या मापाने सासऱ्याचा कोट शिवला होता!

२१ जुलै

मोठ्या छिद्रांच्या पिशव्या आणखी हव्यात म्हणे. तेवढ्याच, तशाच. मॅडमची नवी लहर असणार. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक, विद्यापीठातलं असलं म्हणून काय झालं?

पण एक गोष्ट मला लागली. चिंगी म्हणाली, "या वेळी तीनच बाजू शिवा. भरून चौथी बाजू मी शिवीन."

"का? माझा टाका आवडला नाही?"

"तसं नाही हो. भरताना वजन बघायचंय."

"मग तू वजन बघ, मी शिवतो. तुला तरी कुठे सुई धरता येते? आईवर गेलीस."

माझा आवाज चढला. तिचाही चढेल असं वाटलं होतं. ती खाली बघून एवढंच म्हणाली, "या वेळी मला शिवू द्या, बाबा. प्लीज." मी ताटावरून उठलो. उगीच उठलो.

२६ जुलै

घड्याळवाल्याकडे जाऊन सगळं गाऱ्हाणं ओतलं. मच्छरदाणी, अस्तर, गांडुळं, फोन, चौथी बाजू. तो डोळ्याला भिंग लावून ऐकत होता. शेवटी भिंग काढून माझ्याकडे नुसता बघत राहिला.

"काय रे?"

"काही नाही. तुझी पोर गुणाची आहे."

"ते मला माहीत आहे. तू पिशव्यांचं बोल."

"पिशव्यांचं मला काय कळतंय? चहा घे," म्हणाला आणि क्रिकेटवर गेला. कधी नाही ते चहाचे पैसेही त्यानेच दिले.

२० ऑगस्ट

नव्या पिशव्या जंगलात जाऊन आठवडे झाले. चिंगी एकटीच बसने जाऊन ठेवून आली, गाडी मिळाली नाही. पाऊस लवकर आटोपला तर गांडुळं खोल जातात, मग पिशव्यांना कोणी तोंड लावणार नाही, असं तिच्या तोंडून निघून गेलं. रोज आभाळ बघते. मीही बघतो. पूर्वी कपडे वाळावेत म्हणून बघायचो.

तिच्या शिवलेल्या चौथ्या बाजूंपैकी एक मी जाताजाता पाहिली होती. टाके एकमेकांची तोंडं बघत नव्हते. अगदी हिचे.

२९ सप्टेंबर

आज कळलं.

चिंगीच्या रेनकोटचा खिसा फाटला होता. सकाळी जाताना म्हणाली, शिवून ठेवा. खिसा शिवायचा म्हणजे आधी उलटा करायचा. उलटा केला तर आतल्या चोरकप्प्यातून एक घडी पडली. धुतलेली, पण मातीचा डाग न गेलेली. चहाच्या रंगाची जाळी आणि तिच्यावर लाल दोऱ्याचं ठिगळ.

हे तर पिशवीच्या आत होतं. म्हणजे तिने पिशवी उघडली तेव्हा आधी हेच हाताला लागलं. बाकीच्या पिशव्यांतही अस्तरच लागलं असणार. म्हणजे गांडुळं आत गेलीच नाहीत. मोठ्या छिद्रांच्या आणि बारीक छिद्रांच्या पिशव्या सारख्याच वजनाच्या भरल्या. फरकच नाही. तो फरक म्हणजेच माझा प्रबंध, म्हणाली होती.

सर्दी नव्हती. आकड्यांचा घोळ नव्हता. मॅडमची लहर नव्हती. चौथी बाजू तिने का मागितली तेही कळलं: आत पुन्हा अस्तर जाऊ नये म्हणून. आणि घड्याळवाल्याने चहा का पाजला, तेही.

माझ्या हाताने मी पोरीचा पावसाळा शिवून टाकला, आणि तिने मॅडमना सांगितलं, माझीच चूक. मला एका शब्दाने नाही बोलली. कशी बोलणार? "बाबा, तुम्ही आईची मच्छरदाणी कापून माझं काम बुडवलंत," हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी तिच्या जागी असतो तर सांगितलं असतं. ओरडून सांगितलं असतं. मच्छरदाणी धुऊ का विचारलं, तेव्हा ओरडलोच होतो ना?

खिसा शिवला. घडी जशी होती तशीच परत आत ठेवली.

३० सप्टेंबर

सांगून टाकावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. पण मग तिने इतके दिवस जपलेलं सगळं मोडायचं. मला अपराधी वाटू नये म्हणून ती दोन महिने एकटी झुरली. ते ओझं मी आता माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तिच्यापुढे आपटू? धीर झाला नाही.

एवढंच म्हटलं, "पिशव्या काढायला मी येऊ?"

"गुडघ्यांचं काय?"

"ते माझ्याबरोबर येतील."

४ ऑक्टोबर

जंगलात जाऊन आलो. बसमधून उतरल्यावर बरंच चालायचं होतं. चिंगी हात धरून पुढे. मला वाटलं होतं तिथे कुजका वास येईल. तसला नाही आला. ओल्या मातीचा चांगला वास होता आणि पायाखाली पानांची गादी, दाबली की पाणी यायचं. माझ्या झोळ्या टांगलेल्या होत्या. पाईपिंग अजून शाबूत.

झाडाखाली बसल्यावर ती रेनकोटच्या खिशात हात घालून म्हणाली, "खिसा छान शिवलात."

"उलटा न करताच शिवला," मी म्हटलं. "वरच्या वर."

"हो का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. खिसा उलटा केल्याशिवाय शिवता येत नाही, हे शिंप्याच्या पोरीला सांगायला नको. मी दुसरीकडे बघितलं. तिने मातीतून एक पिशवी सोडवून माझ्या मांडीवर ठेवली आणि कात्री दिली.

"तुम्ही उघडा."

पिशवी हलकी लागली, पण मला वाटलं माझंच मन सांगतंय. तिची ती वाकडीतिकडी शिवण कापली. आत पान असं राहिलंच नव्हतं. नुसत्या शिरा, एखाद्या जुन्या लेससारख्या. बाकी काळी दाणेदार माती आणि तिच्यात वळवळणारं एक जाडजूड गांडूळ. शेजारची बारीक जाळीची पिशवी उघडली. पानं काळी पडलेली, पण जवळजवळ अख्खी.

चिंगी ओरडली. जंगलात कोणी नव्हतं म्हणून बरं. "बाबा, खाल्लं! सगळं खाल्लं!" माझ्या गळ्यात पडली, चिखलासकट. मी गांडुळाला हात जोडले. आयुष्यभर माझं काम गिऱ्हाइकाच्या अंगावर शोभलं की मला आनंद व्हायचा. आज पिशवी रिकामी निघाली म्हणून झाला.

२१ ऑक्टोबर

सगळं तोलून झालं. मॅडमनी आकडे पाहून चिंगीची जागा राहील असं सांगितलं. लिहायला डिसेंबरपर्यंत वेळ आहे, पुरेल म्हणाली.

संध्याकाळी मी स्टूल घेऊन हिच्या पलंगाच्या दांड्या काढायला लागलो. मच्छरदाणीच नाही तर दांड्या कशाला! चिंगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, डास फार झालेत. तुम्हाला नवी मच्छरदाणी आणू का?"

मी स्टुलावरूनच म्हटलं, "आण. पण मोठ्या छिद्रांची नको."

ती जागच्या जागी थिजली. मग तिच्या तोंडावर हसू फुटलं आणि आवरेचना. हसता हसता ती खाली बसली आणि मग हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते कळलं नाही. मी खाली उतरून तिच्याजवळ बसलो. गुडघे कुरकुरले. मीही रडलो.

थोड्या वेळाने तिने खिशातून ती घडी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "नवीला कुठेतरी लावा ना हे. आईच्या उशाकडे."

दांड्या काढल्या नाहीत. नवीला लागतील.